नावं घातलेली भांडी

आमच्या परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलंय
सौ. इंदुमती रा. कापडणीस, १४-५-६८.
मी इंदुमती नाही.
अडुसष्ट साली माझा जन्मही झाला नव्हता.
बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी,
ताडपत्रीवर उपडी पडली होती,
किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या शेजारी.
विकणारी म्हणाली, पितळेचे पैसे द्या बाई,
नावाचे नाही लावत.

सिडकोतल्या दीड खोलीत
आम्ही असाच संसार गोळा केला.
टेबल देवळालीच्या लिलावातलं,
पोटाशी पांढऱ्या रंगात आकडा, ११७.
कुणा साहेबाच्या कोपरांनी गुळगुळीत झालेलं.
त्यावर मुलगी पाढे लिहिते,
तेरा नव्वं अडलं
की हळूच खाली वाकून बघते.

सासऱ्यांचा अडकित्ता.
सुपारी आता कुणी खात नाही,
प्रल्हाद त्याने वायरी सोलतो.

कपाट गायधनींचं, प्रेसमधून रिटायर होऊन ते पुण्याला गेले तेव्हाचं.
आरशावर टिकल्यांच्या डिंकाचे डाग,
माझ्या हनुवटीच्या उंचीला.
म्हणजे बाई ठेंगणी असणार.
रॉकेलने सगळे पुसले, एक राहू दिला.
भांग पाडताना मी
उगाच थोडी वाकते.

जाऊ म्हणते, तुमचं म्हणजे सगळं उष्टं घर.
म्हटलं, ठेव नावं.
आमच्याकडे घातलेली आहेतच,
दोन-चार ठेवलेलीही मावतील.

तरी एकदा गेले होते तांबट आळीत.
वडनेऱ्यांनी परात उजेडात धरली, नखाने वाजवली.
नाव निघेल, म्हणाले,
पण तेवढा पत्रा झिजवावा लागेल.
काठ तिथेच चिरेल मग, कधीतरी.
परत आणली.
दसऱ्याला घासताना चिंच ठिपक्यांत अडकते,
आधी इंदुमती काळी दिसते, मग कापडणीस.

मागच्या माघात मखमलाबादला गेलो,
नणंदेच्या जावेकडे डोहाळजेवण.
ओट्यावर तांब्याचं पिंप, पितळी नळाचं.
बायका म्हणाल्या, अगंबाई, कुठे मिळालं?
भद्रकालीत मोडीत चाललं होतं, ज्योत्स्नावहिनी म्हणाल्या,
वितळवायच्या आत सोडवलं. नळ आम्ही बसवला.
कुणाच्या तरी लग्नातलं आहे,
नाव गेलंय, नुसतं 'आहेर' उरलंय.

मी ग्लास भरायला वाकले.

सातपूरची कंपनी बंद पडली त्या वर्षी
आई हे पिंप डोक्यावर घेऊन गेली
आणि नुसती चुंबळ घेऊन परत आली.
चुंबळ तिने उलगडली, झटकली,
तिचं पुन्हा फडकं केलं
आणि ओटा पुसला.

बुडाशी पोचा असायला हवा,
दिगंबरने जिन्यावरून सोडलं होतं तेव्हाचा.
होता.
तेव्हा माझी दोन बोटं बसायची त्यात.
आता अंगठा बसला.

वहिनी, आहेर हे आडनाव आहे,
द्वारका पुंडलिक आहेर,
एवढंच म्हणायचं होतं.
म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे
पिंप रिकामं करून माझ्या हाती दिलं असतं.
तशाच आहेत त्या.
आणि अंगणात सतरा बायका तहानलेल्या.

पाणी प्याले. अजून तसंच गार.
दुसरा ग्लास भरला, तोही.
नणंद म्हणाली, काय गं, उपास सोडतेस का?

रात्री पोळ्या झाल्यावर
दिव्याखाली परात घेऊन बसले,
टाचणीने ठिपक्यांतली चिंच काढत.
प्रल्हाद म्हणाला, दसऱ्याला अजून अवकाश आहे.
असू दे.
कापडणीसांची लेक कधी सिडकोत आली,
तर अक्षर लागायला हवं.